प्रेत कुणी पाहिलंय?

मला ड्रॅगन आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. ज्या कादंबरीच्या पहिल्या पानाआधी नकाशा छापलेला असतो, ती मी संशयानेच उघडते. गोष्ट धड सांगता येत असेल तर नकाशा कशाला लागतो? आणि पात्रांची नावं तर अशी, की वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. आमच्या सासूबाईंचं नेमकं उलटं. नकाशा नसलेलं पुस्तक त्यांना अळणी वाटायचं. "नकाशा नाही, म्हणजे ह्यातली माणसं घराबाहेर पडणारच नाहीत," असं त्या माझ्या पुस्तकांबद्दल म्हणायच्या, आणि ते बरेचदा खरं निघायचं.

'छतावरची ओल' घ्या. एक माणूस अंथरुणाला खिळलेला आहे आणि छतावर पसरत चाललेला ओलीचा डाग बघतो आहे. तीनशे पानं. मला ती फार आवडली. तो डाग हळूहळू त्याच्या गेलेल्या भावाच्या चेहऱ्यासारखा दिसू लागतो, आणि लेखक हे एकदाही तोंडाने म्हणत नाही. मी भारावून ती सासूबाईंना दिली. त्यांनी ती दोन दिवसांत संपवली, टेबलावर आदळली आणि म्हणाल्या, "ह्या माणसाला गवंडी बोलवायला कुणी सांगत का नाही?"

मी आठवडाभर त्यांच्याशी त्यावरून भांडले.

आमच्या भांडणाला एक नियम होता आणि तो त्यांनीच घातलेला होता. नोकरीत असताना त्या शाळेतल्या मुलींची वादविवाद स्पर्धेची तयारी करून घ्यायच्या. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यासारखं मांडायचं, हुबेहूब त्याच्याच तोंडचं वाटेल असं, आणि मगच ते खोडून काढायचं. नीट जमलं नाही तर "नापास, परत" असा शेरा मिळायचा आणि आपला मुद्दा पोटातच राहायचा. त्यामुळे लग्नानंतर मी या घरात दुसरं काही शिकले असेन-नसेन, त्यांच्यासारखं बोलायला शिकले. आधी जीभ टाळूला लावून एक 'च्यक्', मग लांबवलेलं "अगं बाई", आणि वाक्याच्या शेवटी आवाज एकदम खाली, चष्म्यावरून बघितल्यासारखा. त्याही माझी नक्कल करायच्या. नाक वर करून "आशय बघा ना, आई, आशय!" असं म्हणायच्या, तेव्हा मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. शेजारणीने एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे रोज संध्याकाळी पाहुण्या येतात का हो. नवरा बिचारा चहाचा कप उचलून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसायचा. त्याने आयुष्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिकांखेरीज काही वाचलेलं नाही.

सासूबाईंचा आणखी एक सिद्धांत होता. "ज्याचं प्रेत दाखवलेलं नाही, तो मेलेला नाही." राजा दरीत पडला, जादूगार आगीत सापडला, सेनापतीचं जहाज बुडालं, सगळे रडतायत, पुतळे उभारतायत, आणि आमच्या सासूबाई शांतपणे पान उलटत म्हणायच्या, "प्रेत कुणी पाहिलंय?" दोन-तीनशे पानांनी तो गडी दाढी वाढवून परत हजर. मी म्हणायचे, हा लेखकांचा लबाडपणा आहे, खऱ्या साहित्यात मेलेला माणूस मेलेला राहतो. त्या म्हणायच्या, मग असं साहित्य घेऊन करायचंय काय?

आमची शेवटची मोठी पैज 'सात कुलुपांचं शहर' या मालिकेवरून लागली होती. सहा भाग, पाच आलेले. शहराला सात वेशी, प्रत्येक वेशीला कुलूप, आणि ते उघडायला किल्ली चालत नाही, आपली एक आठवण द्यावी लागते. दिलेली आठवण परत मिळत नाही. वेशीवर एक म्हातारी राखणदारीण असते, ती लोकांच्या या आठवणी सांभाळते. सासूबाईंचा तिच्यावर भारी जीव होता. पाचव्या भागाच्या शेवटी ती तटावरून धुक्यात पडते. मी म्हटलं, मेली. चांगली मेली, लेखकाने पहिल्यांदाच काही धाडस केलं. सासूबाई च्यक् करून म्हणाल्या, "प्रेत कुणी पाहिलंय? सहाव्या भागात ती परत येणार. लिहून ठेव." हरणारीने जिंकणारीची तीन पुस्तकं कुरकुर न करता वाचायची, असं ठरलं.

सहावा भाग यायच्या आधी सासूबाई गेल्या.

रक्तदाबाच्या गोळ्या बदलून घ्यायला म्हणून आम्ही दोघी सकाळी दवाखान्यात गेलो होतो. तपासणीच्या टेबलावर बसता बसता त्या म्हणाल्या, "जरा पाणी दे गं," आणि मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. नवरा तेव्हा कामावर होता. समुद्रात पवनचक्क्या उभ्या केलेल्या असतात, त्यांच्या दुरुस्तीचं काम तो करतो. महिना-महिना तिकडेच राहतो. नेमकं वादळ लागलं होतं आणि बोटी बंद होत्या. त्यानेच फोनवर सांगितलं, थांबू नका, उरकून घ्या. तो आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्याने बॅग ठेवली, बूट काढले आणि विचारलं, "पाणी आहे का?" रडला नाही. काही विचारलंही नाही. आईच्या खोलीचं दार बंद होतं, त्याचा उंबरा त्याने ओलांडला नाही.

नंतर माझ्या लक्षात आलं, की तो त्यांच्याबद्दल बोलताना त्या घरातच असल्यासारखं बोलतो. "ती खिडकी उघडू नकोस, आईला वारा सोसत नाही." "हा कप आईला लागतो." मी त्याला टोकलं नाही. ज्याचं त्याला ठाऊक, म्हटलं. शिवाय मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

सहावा भाग पार्सलने आला तो सासूबाईंच्याच नावावर. त्यांनी आगाऊ मागवून ठेवलेला. उशीएवढं जाड पुस्तक, आणि आत नकाशा एक नाही, तीन. मी ते घेऊन त्यांच्या खोलीत गेले, दार लावलं, खिडकीपाशी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले. त्यांची खुर्ची समोर रिकामी होती. पहिलं प्रकरण वाचून मी सवयीने मोठ्याने म्हणाले, "बघा, आई, सुरुवातच किती पसरट आहे."

"अगं बाई, जेवायला बसल्या बसल्या ताट ढकलतेस का?" सासूबाई म्हणाल्या.

मी दचकले नाही. इतकं सहज झालं ते, की मी पुढचं वाक्य बोलूनही गेले. मग मी मान वर करून बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. त्यांची शाल खुर्चीच्या पाठीवर होती तशीच होती. पण आवाज मी ऐकला होता, शेवटी खाली उतरणारा, जरासा घोगरा. मी उठून पळायला हवं होतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि दुसरं प्रकरण उघडलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी हेच. मी कामावरून यायचे, चहा घ्यायचे आणि आत जाऊन बसायचे. त्या यायच्या. मला भीती वाटायची ती त्यांच्या येण्याची नव्हती. उरलेली पानं बोटांना कमी लागायची, त्याची होती. पुस्तक संपलं की पैज संपली, पैज संपली की भांडण संपलं, आणि मग त्या कशाला येतील? म्हणून मी चिक्कूपणा सुरू केला. दिवसाला एकच प्रकरण. मध्ये माझ्या आवडीची इतर पुस्तकं घुसवली. 'पलीकडच्या खोलीतला माणूस' वाचली. मुलगी बऱ्याच वर्षांनी वडिलांच्या घरी येते, वडील पुस्तकभर दिसतच नाहीत, फक्त भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो. संयमाचा नमुना आहे ती. सासूबाई म्हणाल्या, "दार उघडून बघायला काय धाड भरलीय तिला?" एक ड्रॅगनची कादंबरीही वाचली, त्यांच्या कपाटातली, 'राखेचा वारस'. तिच्यातला ड्रॅगन अर्धं पुस्तक झोपलेला असतो, आणि मला तेवढाच भाग आवडला. यावर आमची इतकी जुंपली, की चहा गार झाला.

मी कर्णयंत्रांच्या दुकानात काम करते. दुकानाच्या मागच्या बाजूला ऐकण्याची तपासणी करायची खोली आहे, कपाटाहून थोडी मोठी, भिंतींना आतून स्पंजचे जाड पट्टे. गिऱ्हाईक आत बसतं, मी बाहेर यंत्रापाशी. आतलं बोलणं मला ऐकू यावं म्हणून आत माइक असतो आणि बाहेर स्पीकर. जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीत बसून वाचते, कारण अख्ख्या गावात इतकी शांतता दुसरीकडे कुठे नाही. त्या दिवशी सहावा भाग बरोबर नेला होता, माइक बंद करायचं राहून गेलं होतं. वाचून बाहेर आले तर एक आजोबा बाकावर बसलेले. निवृत्त पोस्टमन. त्यांना आदल्याच आठवड्यात नवीन यंत्रं बसवून दिली होती आणि ती कानात घालून ते मोठ्या ऐटीत बसले होते.

"दार वाजवणार होतो," ते म्हणाले, "पण आत भांडण चाललं होतं, म्हटलं चालू दे."

"कुणाचं भांडण?"

"तुमचं आणि त्या म्हाताऱ्या बाईंचं." त्यांनी स्पीकरकडे बोट दाखवलं. "एकेक शब्द स्पष्ट ऐकू आला. यंत्र झकास आहे. आणि राग मानू नका, पण बाईंचं म्हणणं बरोबर होतं."

मी हसले. काहीतरी बोलले. त्यांच्या यंत्राचा आवाज कमी-जास्त करून दिला, बॅटरी बघितली. पण आजोबा सारखे माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "त्या अजून आतच आहेत का? गुदमरतील हो."

मला एकटीला ऐकू येत होतं तोवर ते माझं माझ्यापाशी होतं. आता एका परक्या माणसाने तो आवाज ऐकला होता, बाई बरोबर बोलत होत्या असंही सांगितलं होतं. माझ्या धंद्यात एक गोष्ट रोज बघायला मिळते. नवीन यंत्र कानात घातलं की गिऱ्हाईकाची पहिली तक्रार असते, "हा माझा आवाज नाही." आपला आवाज आपल्याला कधीच बाहेरून ऐकू येत नाही. आपण बोलतोय की ऐकतोय, हे कधीकधी गळ्याला हात लावूनच कळतं. त्या संध्याकाळी मी खुर्चीत बसले, दोन बोटं गळ्यावर ठेवली आणि मोठ्याने म्हटलं, "आई, हा राजपुत्र अगदीच शेळपट आहे."

"अगं बाई, सोळा वर्षांचं पोर आहे ते," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या बोटांखाली गळा थरथरला.

मी दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा तेच. च्यक् माझ्या जिभेचं होतं, अगं बाई माझं होतं. नियम पाळायची इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप पहिली पाळी त्यांची घेत होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. भूत असतं तर बरं झालं असतं. भूत म्हणजे निदान त्या असत्या.

तरी मी थांबले नाही. कळून-सवरून पुन्हा गेले. नाटक तर नाटक, म्हटलं, मुद्दे तर त्यांचेच आहेत. मग लढाईचं प्रकरण आलं. वेशीबाहेर दोन सैन्यं एकमेकांवर तुटून पडतात आणि लेखकाला प्रत्येक भाला कुणी घडवला ते सांगायचं असतं. मी म्हटलं, "ही लढाई शंभर पानं जास्त आहे." यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. सुट्टी जास्त झाली म्हणून कुणी रडतं का? मी पुस्तकावर बोट ठेवून वाट बघत बसले.

"हो गं," सासूबाई म्हणाल्या. "कापायला हवी होती."

मी पुस्तक मिटलं. असा भयंकर क्षण माझ्या आयुष्यात दुसरा आला नसेल. दवाखान्यातही मी इतकी घाबरले नव्हते. त्या बाईने हयातीत माझ्या एकाही मताला हो म्हटलं नव्हतं. पाऊस पडतोय म्हटलं तर खिडकीतून हात बाहेर काढून बघणारी बाई ती. माझ्याकडे त्यांचं जेवढं होतं तेवढं मी बोलून संपवलं होतं, आता त्या आवाजात मीच बोलत होते. शेवटचं एक प्रकरण राहिलं होतं. मी पुस्तक त्यांच्या उशीवर पालथं ठेवलं, दार लावून घेतलं आणि त्या खोलीत जायची बंद झाले.

काही संध्याकाळी अशाच गेल्या. मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसायचे. एका रविवारी चहा घेऊन पॅसेजमध्ये आले, तर नवरा चपलांच्या कपाटाजवळच्या स्टुलावर बसला होता, सासूबाईंच्या बंद दारापाशी, डोकं भिंतीला टेकवून. पूर्वी आमचं भांडण चुकवायला तिथेच बसायचा.

"आई आज पण बोलत नाहीये," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"चार-पाच दिवस झाले. गप्पच आहे."

"तू ऐकत होतास?"

"घरी असलो की रोज." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाला, "मला माहितीये गं तूच बोलतेस ते. वेड नाही लागलं मला. पण डोळे मिटून बसलं ना, की आत तुम्ही दोघी असता. मी इथे. पूर्वीसारखं."

मी कप खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. तो आपल्या हातांकडे बघत होता. वंगणाचे डाग नखांच्या कडांना कायमचे बसलेले.

"संपलं का ते पुस्तक?" त्याने विचारलं.

"एक प्रकरण राहिलंय."

"नको वाचूस."

"का?"

"ती म्हातारी परत येणार, असं आई म्हणते ना. तू वाचलंस आणि नाही आली तर?" तो भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "प्रेत कुणी पाहिलंय? मी तर नाही पाहिलं."

राग यावा की कीव, कळेना. दोन्ही आलं. आईचा सगळा सिद्धांत या माणसाने भिंतीपलीकडून ऐकून पाठ केला होता, आणि आम्हाला वाटायचं तो चहा पितोय. "एकदा बोल ना तिच्यासारखं," तो म्हणाला. "काहीही बोल."

करणं अवघड नव्हतं. जीभ टाळूला लावायची, बस्स. तो डोळे मिटून बसला असता, मी रोज तासभर बोलले असते, आणि घरात सगळं पूर्वीसारखं चाललं असतं. पण मला ते "हो गं, कापायला हवी होती" आठवलं. रोज थोडी थोडी माझ्यासारखी होत जाणारी सासू मी त्याला ऐकवत राहिले असते. त्याला फरक कळला नसता. वर्षभराने मलाही कळला नसता. मग खऱ्या बाई कशा बोलायच्या हे सांगणारं या जगात कुणीच उरलं नसतं. ती बाई एकदा हरवलीय आमची, दुसऱ्यांदा मी माझ्या तोंडाने हरवणार नव्हते.

"ऊठ," मी म्हटलं. "आत चल. शेवटचं प्रकरण मी वाचते, तू ऐक. माझ्या आवाजात."

"मी नाही येत."

"मग दार उघडं ठेवते आणि इथून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचते. बघ काय करायचं ते."

मी आत गेले, उशीवरचं पुस्तक उचललं आणि सुरुवात केली. दुसऱ्या पानावर तो उंबऱ्यापाशी उभा होता. चौथ्या पानावर पलंगाच्या कडेवर येऊन बसला, अंग चोरून, दवाखान्यात बसतात तसा. आईच्या खुर्चीकडे त्याने बघितलं नाही.

राखणदारीण परत येत नाही. धुकं हटतं आणि तटाखालच्या खंदकात ती सापडते. लेखकाने दोन पानं दिली आहेत त्याला. कमरेला निरुपयोगी किल्ल्यांचा जुडगा, एका पायात पादत्राण, दुसरा पाय अनवाणी. ज्यांच्या आठवणी तिने सांभाळल्या ते सगळे लोक रांगेने येऊन तिला बघून जातात, आणि ही कोण हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता येत नाही, कारण दिलेल्या आठवणीबरोबर तिची ओळखही वेशीवरच राहिलेली असते. ना जादू, ना भाषण. सहा भागांतली सर्वांत चांगली पानं आहेत ही. एवढ्या दोन पानांसाठी मी त्या लेखकाचे बाकीचे भाले माफ केले. पैज मी जिंकले होते, आणि वाचता वाचता माझा आवाज फाटला.

"ते परत वाच," नवरा म्हणाला.

मी परत वाचलं. किल्ल्या, अनवाणी पाय, रांग. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने विचारलं, "आई कशी दिसत होती?"

इतक्या महिन्यांत हे त्याने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. नर्सने केस विंचरले होते, पण भांग चुकीच्या बाजूला पाडला होता. तो मी मोडला आणि नीट पाडला. नाकावर चष्म्याचे दोन खड्डे तसेच होते. चष्मा घालू का म्हणून विचारलं, तर दवाखान्यातले नको म्हणाले, तो माझ्याच पर्समध्ये राहिला. उजव्या हाताचा अंगठा पान उलटताना असतो तसा जरा वाकलेला होता. मोजे घातलेले होते, निळे, एकाला टाचेपाशी भोक. कपाळ गार होतं. मी हात लावला तेव्हा फारच गार होतं.

"आणि तोंड?"

"तोंड बंद होतं."

"आईचं?" तो म्हणाला. "आईचं तोंड बंद?" आणि त्याला हसू आलं. खांदे गदगदून तो हसला, आणि मग ते हसू नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि आल्यापासून पहिल्यांदा समोरच्या खुर्चीकडे बघितलं.

"तिला हे पटलं नसतं," तो म्हणाला. "हा शेवट."

"मुळीच पटला नसता."

"मग नियमाप्रमाणे सांग. तिचं म्हणणं तिच्यासारखं."

मी जीभ टाळूला लावली. च्यक् केलं. "अगं बाई," मी म्हटलं.

आवाज माझाच आला. मी घसा खाकरून परत केलं. परत माझाच. शेवटी तो खाली उतरेना, घोगरा होईना. गळ्यावर बोटं ठेवायची गरज नव्हती. नवरा माझ्याकडे बघत होता, त्यालाही ते ऐकू आलं होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझ्याच आवाजात सांग, काय म्हणाली असती ती."

मग मी सांगितलं. हे प्रेत राखणदारणीचंच कशावरून? किल्ल्या काय, कुणाच्याही कमरेला अडकवता येतात. ओळख पटवणारा एक तरी माणूस त्या रांगेत होता का? नव्हता ना? मग सातवा भाग येणार आणि ती दार वाजवणार, लिहून ठेव. तो मान डोलावत होता, अगदी बरोबर, अगदी बरोबर, असं म्हणत होता. सांगून झालं. आता खोडून काढायची पाळी माझी होती. माझ्या जिवावर आलं होतं. पण नियम तो नियम, आणि तो त्यांनीच घातलेला. मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि समोरच्या खुर्चीकडे बघितलं.

"नाही, आई," मी म्हटलं. "प्रेत मी पाहिलंय."